मा म्हणजे लक्ष्मी

श्राद्धाच्या दिवशी यजमानाला पाटावर बसवावे, त्याच्या बोटात दर्भाचे पवित्रक घालावे आणि पितरांची नावे विचारायला लागावे, की एका जागी तो बहुधा अडतो. बापाचे नाव सांगतो, आजोबांचे सांगतो, आईचेही सांगतो. आजीचे विचारले की त्याची दृष्टी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळते. मग आतून एखादी वृद्ध स्त्री दाराआडून नाव सांगते, किंवा तिलाही ते आठवत नाही. "सगळी तिला आक्काच म्हणायची," हे उत्तर मी अनेक घरांत ऐकले आहे. शास्त्रकारांना मनुष्यस्वभाव ठाऊक असल्यामुळे त्यांनी याचीही सोय करून ठेवली आहे. गोत्र ज्ञात नसेल तर काश्यप म्हणावे. पितरांची नावे ज्ञात नसतील तर पृथ्वीवर, अंतरिक्षात आणि द्युलोकात वसणारे अशा अर्थाची नावे घ्यावीत. पाणी ज्याचे त्याला पोहोचते. ही माझी श्रद्धा आजही अढळ आहे. तरीही एका स्त्रीच्या नावाने माझ्या मनात जी व्यथा ठेवली आहे, ती या श्रद्धेनेही शमलेली नाही.

तो काळ रत्नागिरीत आगबोटींचा होता. मी पाठशाळेत व्याकरण शिकवीत असे आणि माझ्या गुरुजींच्या बरोबर काही घरांची भिक्षुकीही पाहत असे. त्यांतले एक घर मांडवीच्या बाजूला होते. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर चरितार्थ चालवणारे हे कुटुंब. घरात एक करारी विधवा म्हातारी आणि तिचा एकुलता मुलगा. मुलगा रंगूनला सागवानाच्या वखारीत मुकादम होता.

आमच्या किनाऱ्यावरच्या घरांतून मुंबईच्या गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या जात. रंगूनच्या मात्र अर्ध्याच. ते नगर मी पाहिले नाही. जे परतले त्यांच्या तोंडून ऐकले, की तिथे धक्क्यावर तेलंगी हमाल, दुकानांत सुरती व्यापारी, होड्यांवर चाटगावचे खलाशी, सुतारकामाला चिनी, आणि वखारींत व कचेऱ्यांत आमच्याकडची माणसे. एका रस्त्यावर देऊळ, मशीद आणि ब्रह्मी लोकांचा सोनेरी स्तूप अशी तिन्ही लागत. रस्त्यात उभे राहिले तर ज्या लोकांचा तो देश त्यांचीच भाषा कमी ऐकू येई. एवढे सगळे सांगत. जे सांगत नसत ते असे, की कित्येकांची तिकडे दुसरी घरे होती. परत येताना सागवानी पेटी येई, लाखेचा रंगीत डबा येई. माणूस मागे राही. त्या माणसांविषयी कोणी विचारीत नसे आणि कोणी बोलत नसे.

या मुकादमाने मात्र माणूस आणले. बोट मांडवीपुढे उभी राहिली, पडावातून उतारू धक्क्यावर आले, आणि त्यांत त्याच्यामागे एक ठेंगणी, गोरी, गंभीर चेहऱ्याची स्त्री होती. तिच्या कडेवर मूल होते. नुकतेच बोलू लागलेले ते मूल एका दमात दोन भाषा बोलत असे, एक आईची आणि एक बापाची.

म्हातारीने दारात त्यांना अडवले नाही, परंतु चुलीपाशीही जाऊ दिले नाही. आपल्या पद्धतीने लग्न लागल्यावाचून ही बाई माझ्या चुलीला हात लावणार नाही, असे तिने मुलाला सांगितले आणि गुरुजींना बोलावणे पाठवले. गुरुजी थोर विद्वान आणि त्याहून थोर अंतःकरणाचे होते. या विवाहात काही दोष आहे काय, असे मी त्यांना वाटेत विचारले. ते चालता चालता थांबले. आपण रोज संकल्प करताना 'बौद्धावतारे' म्हणतो की नाही, असे त्यांनी मला उलट विचारले. ती ज्याला वंदन करते त्याच्या अवतारकालात आपण सगळेच राहत आहोत, मग ती परकी कशी. गोत्र नाही, तर काश्यप आहेच. इतके बोलून ते पुन्हा चालू लागले.

विवाह पुराणोक्त विधीने झाला. शेवटी नवऱ्या मुलीचे नाव ठेवण्याची वेळ आली. ताटात तांदूळ पसरले होते. गुरुजींनी सहज विचारले, की हिचे माहेरचे नाव काय. तिला एवढे मराठी कळले असावे, किंवा प्रश्नाचा रोख कळला असावा. तिने मान वर करून स्वतःच उत्तर दिले. पहिले अक्षर 'मा' होते. त्याच्यामागून आणखी एक छोटासा उच्चार आला, तो चढला आणि मध्येच तुटला.

गुरुजींचा चेहरा उजळला. ते म्हातारीकडे वळून म्हणाले, "अहो, मा म्हणजे लक्ष्मी. कोशात आहे. ही नाव घेऊनच आली आहे."

पुढचा उच्चार त्यांनी तिच्या गावाचा किंवा कुळाचा समजून सोडून दिला आणि तांदळांत लक्ष्मीच्या नावांपैकी एक सुंदर नाव लिहवून घेतले. नवऱ्याला खरी गोष्ट ठाऊक होती. तो गालात हसला आणि गप्प राहिला. आईच्या कपाळावरची आठी बोट आल्यापासून प्रथमच मोडलेली त्याने पाहिली होती; ती परत यावी असे त्याला वाटले नाही. मलाही त्या दिवशी गुरुजींच्या वचनाचा आनंदच वाटला. घरी परतताना मी मनाशी म्हटले, की दोन दूरच्या भाषा एका अक्षरावर येऊन भेटल्या.

रजा संपल्यावर मुकादम परत गेला. बायको आणि मुलगा इथेच राहिले, कारण म्हातारीला नातू हवा होता. त्या घरी मी सणावारी जाई. सून थोड्याच काळात अशी बोलू लागली की पाठमोरी असता मांडवीचीच कोणी वाटावी. भाताची पेज, कुळथाचे पिठले, ओल्या काजूंची उसळ, सगळे तिच्या हातचे होऊ लागले. म्हातारी तिला "अगो" म्हणे. शेजारणी मुलाच्या नावाने, त्याची आई म्हणून, हाक मारीत. मुलगा "आये" म्हणे. तांदळांत लिहिलेले ते लक्ष्मीचे नाव त्या दिवसानंतर कोणाच्या तोंडून निघाल्याचे मला स्मरत नाही. आमच्या घरांची रीतच ती. ते वापरात नसल्यामुळे त्याखाली दुसरे एखादे नाव दबले आहे काय, हे कोणाच्या ध्यानात येण्याचे कारणच नव्हते.

नवरा रंगूनला असता तिला तिच्या नावाने हाक मारणारी रत्नागिरीत एकच व्यक्ती होती. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाला इथल्या टेकडीवर ठेवले होते, तेव्हा त्याच्या परिवारात दासी म्हणून आलेली ती एक वृद्धा. राजा गेला, राजघराण्यातली माणसे पांगली, ही मात्र इथल्याच एका माळ्याचा संसार करून टेकडीच्या पायथ्याशी राहिली. सुरंगीच्या दिवसांत ती सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, करून दारोदार विकी आणि एरवी अबोलीचे. बोलणे अस्सल आमच्याकडचे, शिव्यांसकट. "घे गो, तुज्या सासवेला नको सांगू, केसात घाल नि ऱ्हा गप," असे ती सुनेला म्हणे, आणि म्हातारी आतून ओरडे, "ऐकतंय मी सगळा." मग वृद्धा कुंपणाशी उभी राहून हळूच दुसऱ्या भाषेत काही बोले, आणि सून पायरीवर बसून उत्तर देई. ते बोलणे मला कळत नसे. इतकेच ध्यानात राहिले, की प्रत्येक वेळी ते एका हाकेने सुरू होई, आणि ती हाक ऐकली की सुनेचा चेहरा क्षणभर एखाद्या कुमारिकेसारखा होई.

पुढे रंगूनात अनर्थ झाला. धक्क्यावरच्या हमालीवरून आपली माणसे आणि तिथली माणसे यांत मारामारी पेटली आणि ती गल्लीबोळांत पसरली. वार्ता घेऊन आला तो पूर्णगडचा एक गृहस्थ, त्याच वखारीत काम करणारा. त्याने पडवीत बसून, मान खाली घालून, सगळे सांगितले. मुकादमाला त्याच्या मेहुण्याने, म्हणजे या सुनेच्या भावाने, आपल्या घरात लपवले होते. बाहेर पडू नको म्हणून हातापाया पडला होता. वखारीत आपली माणसे अडकली आहेत म्हणून हा ऐकेना. बाहेर पडला आणि परत आला नाही. प्रेतही मिळाले नाही.

म्हातारीने यातले अर्धेच ऐकले. दुःखाला तेवढेच ऐकू येते. ती सुनेकडे बोट दाखवून एकच वाक्य बोलली, "तुज्या माणसांनी माजा झील खाल्लानी."

 दर्भाचे शरीर करून त्या मृताचे और्ध्वदेहिक मी केले, कारण गुरुजी तोवर अंथरुणाला खिळले होते आणि त्याच वर्षी ते निवर्तले. नातू तेव्हा शाळेत जाऊ लागला होता. त्याच्या हातून मी तिलांजली देववली. त्याने शांतपणे सगळे केले.

त्यानंतर म्हातारीने नियम केला, की ती भाषा या घरात पुन्हा बोलायची नाही. एके दिवशी मुलगा अंगणात खेळता खेळता आईला त्या भाषेत काही बोलला, तेव्हा तिने त्याच्या तोंडावर मारले. शाळेतही पोरे त्याला "बर्मी, बर्मी" म्हणून चिडवू लागली होती. त्याने ती भाषा टाकली. वळेसरवाली वृद्धा दाराशी आली तेव्हा म्हातारीने तिला कुंपणाबाहेरूनच परत पाठवले आणि परत येऊ नको म्हणून बजावले. वृद्धेने शिव्या दिल्या नाहीत. फुलांची परडी तशीच उचलून ती गेली. म्हातारीविषयी वाचकाने कठोर मत करून घेऊ नये. तिच्या पोटचे गेले होते आणि ज्याने मारले तो तिच्या हाताच्या टप्प्यात नव्हता.

काही काळाने टेकडीच्या पायथ्याची ती वृद्धा वारली. ही बातमी सुनेला कोणी मुद्दाम सांगितली नाही. नव्या फुलवालीच्या बोलण्यातून ती कळली. मी त्या दिवशी कुठल्याशा व्रताच्या उद्यापनाचा मुहूर्त सांगायला गेलो होतो. सून विहिरीवर होती. तिने मला हळू आवाजात विचारले, की नात्यात नसलेल्या माणसाचे सुतक लागते काय. मी सांगितले, की लागत नाही. तिने पोहरा विहिरीत सोडला.

मग म्हणाली, "मग मी नुसती आंगोळ केली तर?"

मी म्हटले, की स्नानाला कोणाचीच हरकत नाही. तिने तिथेच, मी वळलो न वळलो तोच, विहिरीचे पाणी नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून ओतून घ्यायला आरंभ केला. पोहरा वर येत होता, रिता होत होता, पुन्हा आत जात होता. मी पाठ करून निघालो आणि वाटेत मला उमगले, की या गावात तिला हाक मारणारे तोंड आज मिटले.

मुकादमाच्या वार्षिक श्राद्धाला मी दरवर्षी त्या घरी जाई. अशाच एका श्राद्धाच्या दिवशी, भोजने आटोपून म्हातारी माजघरात पडली होती आणि मी पडवीत सुपारी कातरीत बसलो होतो, तेव्हा सून उंबऱ्यापाशी येऊन बसली. मरणानंतर मुलगा पाणी सोडतो ते कोणत्या नावाने सोडतो, हे तिने विचारले. मी सांगितले, की विवाहात जे नाव ठेवले त्या नावाने.

ती म्हणाली, "भटजी, ता माजा नाव नाय. ता लक्ष्मीचा. तिचा तिला ऱ्हावंदे."

आणि मग तिने मला जे सांगितले ते ऐकून माझ्या हातातला अडकित्ता थांबला. तिच्या भाषेत 'मा' हे नावच नव्हे. आपण ताई किंवा बाई म्हणावे तसे ते नावाआधी लावतात. वय वाढले, मान वाढला, की ते काढून दुसरे लावतात. आज ती आपल्या गावी असती तर तिला कोणी मा म्हटलेही नसते. गुरुजींनी सोडून दिला तो मागचा छोटा उच्चार, तेच तिचे नाव. तिकडे मुलगी कोणत्या वारी जन्मली त्यावरून नावाचे अक्षर निघते, जसे आपल्याकडे नक्षत्राच्या चरणावरून राशीचे नाव निघते. लग्नाने ते बदलत नाही. बापाचे नाही, नवऱ्याचे नाही, मुलीच्या जन्माच्या दिवसाचे ते नाव. नवरा रजेवर येई तेव्हा एकांतात त्याच नावाने हाक मारी, हेही तिने खाली पाहत सांगितले. नवरा गेला. वळेसरवाली वृद्धाही गेली.

तिचे एकच मागणे होते. आपल्यामागे एकदा तरी, पाणी सोडताना, मुलाच्या तोंडून ते नाव निघावे. म्हणजे जे कोणी वाट पाहत असतील त्यांना कळेल, की कोण आले आहे. मुलाला मी सांगेनच, पण तुम्ही सांगितल्याशिवाय तो म्हणणार नाही, आणि त्यासाठी तुम्हाला ते म्हणता यायला हवे, असे ती म्हणाली. मी होकार दिला. शास्त्रात याला बाध नाही. जन्मनामाने केलेले कर्म निष्फळ होते असे कोठेही म्हटलेले नाही.

मग मी ते नाव म्हणून दाखवले. तिने तोंडाला पदर लावला. नवरा गेल्यापासून तिला हसताना मी पाहिले नव्हते.

"ता नाव नाय झाला, भटजी. ता झाला मडका."

मी पुन्हा म्हटले. या वेळी ते कसलेसे झाड झाले. तिने मला समजावले, की अक्षर तेच, पण आवाज कुठून उचलायचा आणि कुठे तोडायचा यावर सगळे आहे. हे मला कोणी समजावण्याची आवश्यकता नव्हती. ज्याने बालपणापासून उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हातवाऱ्यांसह घोकले आहेत, स्वर चुकला तर मंत्र उलटतो या भयात ज्याने अध्ययन केले आहे, त्याला ही गोष्ट दुसऱ्या देशाच्या स्त्रीकडून ऐकताना एकाच वेळी आश्चर्य आणि आदर वाटला. परंतु माझ्या सवयीचा स्वरित लांबतो. तिचा तो स्वर चढायचा आणि तिथेच गिळायचा होता, जसे कोणी दार लावून घेतल्यावर आतला आवाज तुटावा. पुढची काही वर्षे, श्राद्धाच्या दुपारी आणि कधी सणाच्या दिवशी, मी तिच्याकडे ते नाव शिकत होतो. कधी मडके होई, कधी झाड, आणि एकदा असे काही झाले की ती उठून आतच गेली व काय झाले ते तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. एके दिवशी मी म्हटले आणि ती हसली नाही. तिने डोळे मिटले आणि "ओ" म्हणून उत्तर दिले, तेही आपल्या मराठीत. तेव्हा मी समजलो, की आता बरोबर आले.

मुलगा मोठा झाला. मुंबईला एका आगबोटीच्या कचेरीत लागला. हुशार, मितभाषी, कामाला चोख. चेहरा हुबेहूब आईचा. आई आजारी पडली तेव्हा तो बोटीने आला आणि शेवटपर्यंत तिच्याजवळ बसून राहिला. शेवटच्या दिवसांत ती मराठी विसरली. आपल्या भाषेत हळूहळू काही बोले, आणि मुलगा मान हलवी. त्याला काय कळत होते देव जाणे. म्हातारी, जी आता काठीवाचून उठू शकत नव्हती, भिंतीला टेकून ऐकत असे. भाषा बोलू नको असे ती या वेळी म्हणाली नाही. एका प्रातःकाळी सून निवर्तली.

दहाव्या दिवशी भाट्याच्या खाडीवर आम्ही जमलो. मुलाच्या विवाहाचे बोलणे तेव्हा चालू होते आणि मुलीकडची दोन वडीलधारी माणसे नाटे गावाहून आली होती. खाडीकाठच्या दगडावर बसून ती दोघे आपसांत बोलत होती. मी पिंडाची तयारी करीत होतो, तेव्हा मुलगा माझ्यापाशी येऊन पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

"भटजी, एक मागणा हाय. लग्नात ठेवलेला नाव हाय ना, तेवढाच घ्या."

तिची इच्छा काय होती ते मी त्याला सांगू लागलो. त्याने मला पुढे बोलू दिले नाही.

"ठाव हाय मला. माजा हात धरून सांगितलान तिना." तो दगडावरच्या माणसांकडे न बघता बोलत होता. "पण ही माणसा उद्या नाट्यात जाऊन काय सांगतील? तोंड माजा दिसताच हाय त्यांना. वर आणि नाव कशाला?"

 मग त्याचा आवाज खाली गेला.

"आणि मला ता म्हणायला येत नाय, भटजी. रात्रीपास्ना म्हणून बघतंय. पोर होतो तेव्हा यायचा. आजीनं तोंडावर मारलान ना, त्याच्यामागसून नाय आला. चुकीचा म्हणून तिला दुसराच कायतरी करण्यापरीस नको ता."

कर्म यजमानाचे असते. भिक्षुक केवळ शब्द पुढे ठेवतो. संकल्प ज्याचा त्याने उच्चारायचा. त्याच्या तोंडी मी बळाने नाव घालू शकत नव्हतो, आणि त्याच्या डोळ्यांत जे होते ते पाहिल्यावर घालण्याची इच्छाही मला उरली नाही. मी तांदळांत लिहिलेले नाव घेतले. त्याने ते स्पष्ट, निर्दोष उच्चाराने माझ्यामागून म्हटले आणि तिलमिश्रित पाणी सोडले. दगडावरची माणसे नाव ऐकून मान डोलावीत होती. नाव सुंदरच होते. लक्ष्मीचे नाव अशुभ कसे असेल. गुरुजींनी ते प्रेमाने दिले होते. परंतु ज्या अक्षराला त्यांनी लक्ष्मी म्हटले त्याच अक्षराचा संस्कृतात आणखी एक अर्थ आहे, आणि तो शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो: 'मा' म्हणजे 'नको'. ते पाणी वाळूत मुरताना मला दुसरे काही आठवेना.

संध्याकाळी मी त्या घरी गेलो. पाहुणे आत भोजनाला बसले होते. म्हातारी पडवीत एकटी होती. सगळे यथासांग झाले का, असे तिने विचारले. मी झाले म्हणून सांगितले.

"तिचा नाव घेतलात?"

"घेतले."

तिने माझ्याकडे मान वळवली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, तिला मी दिसत नसणार.

"कुठला?"

मी सांगितले.  काठीचे टोक तिने जमिनीवर थोडा वेळ फिरवले. मग मुकादमाच्या नावाने तिने एक दीर्घ हाक मारली, जशी पूर्वी संध्याकाळी त्याला खेळातून घरी बोलावताना मारीत असेल, आणि तोंड भिंतीकडे केले. पुढच्या वर्षी तिचेही उत्तरकार्य मीच केले. नातवाचे लग्न झाले, तो कुटुंबासह मुंबईला राहिला, आणि मांडवीचे ते घर दुसऱ्यांनी घेतले.

पितृपक्षात तर्पण करताना आपल्या पितरांनंतर गुरू, शिष्य, मित्र आणि आप्त यांनाही पाणी देण्याची आज्ञा आहे. गुरूंच्या ठिकाणी मी आधी माझ्या गुरुजींना पाणी देतो आणि त्यांच्यामागून तिला. तिने मला एक शब्द शिकवला आणि तो येईपर्यंत कंटाळली नाही. गुरू म्हणायला मला एवढे पुरेसे वाटते. गोत्र काश्यप. नावाला मात्र विभक्ती लावीत नाही. व्याकरणाचा अध्यापक असूनही लावीत नाही, कारण प्रत्यय लागला की शेवटचा स्वर लांबतो आणि नाव राहत नाही. नुसते नाव उच्चारतो आणि ओंजळ सोडतो. इथे ते लिहिण्यात अर्थ नाही. आपल्या लिपीत तो चढ आणि तो तुटलेला आवाज उमटत नाही. वाचणारा मडके वाचेल.

गेल्या काही वर्षांत माझे दात गेले, आवाज कापरा झाला. वेदमंत्रांत स्वर ढळला तर पाठशाळेतले विद्यार्थी अदबीने सुधारतात. ते नाव म्हणताना मी ओंजळ सोडण्याआधी अजून क्षणभर थांबतो. चढ बरोबर पडला की नाही हे सांगणारे रत्नागिरीत आता कोणी नाही.